रतनगड ते हरिश्चंद्रगड, पाठीवर सॅक घेऊन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी नवरात्र संपलं की निरोप यायला लागतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात उगाळलेलं नाही. तिथे क्रमांक दिलाय, तो बघा.

१. ही रेंज (म्हणजे डोंगररांग) नेमकी कुठे आहे? आणि "अभयारण्य" म्हणजे तिथे गावं नाहीत का?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या (पूर्वीचा अहमदनगर) अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन धारेवर. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर. उत्तरेला महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर), दक्षिणेला हरिश्चंद्रगड (१४२४ मीटर), मध्ये रतनगड, कात्राबाई, आजोबा. पश्चिमेला जमीन एकदम तुटते आणि खाली कोकण दिसतं. प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते आणि मुळा रतनगड-हरिश्चंद्रगडाच्या मधल्या डोंगरांत. म्हणजे तुम्ही दोन नद्यांच्या माथ्यावरून चालणार आहात.

गावं आहेत, भरपूर आहेत. रतनवाडी, साम्रद, घाटघर, कुमशेत, पाचनई. बहुतेक वस्ती महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. ज्याला आपण ट्रेकची वाट म्हणतो ती त्यांची बाजाराला, पाहुण्यांकडे, गुरांमागे जायची वाट असते. हे ध्यानात ठेवलंत तर खालची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

२. परवानगी लागते का?

लागते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्यात वाटेल तसं शिरता येत नाही. पर्यटन, अभ्यास, फोटोग्राफी यांसाठी परवानगीने प्रवेश मिळतो. व्यवहारात गावाच्या तोंडाशी नाका असतो. तिथे नावं लिहायची, शुल्क भरायचं, पावती घ्यायची. ती पावती शेवटच्या दिवसापर्यंत जपा, कारण तुम्ही एका नाक्यावरून आत जाता आणि दुसऱ्याच नाक्यावरून बाहेर पडता.

"मग तो गावकरी बिनपावतीचा कसा जातो?" असं एकाने चिडून विचारलं होतं. तो घरी चाललाय, म्हणून. आत ज्यांची घरं-जमिनी आहेत त्यांना कायद्यानेच सूट आहे.

तीन-चार दिवस आत राहणार असाल तर आधी वनविभागाशी बोलून मुक्कामाच्या जागा सांगून ठेवा. नाक्यावरच्या माणसाकडे एक दिवसाच्या पावतीचं पुस्तक असतं. रात्रीबद्दल तो स्वतःच्या अधिकारात हो म्हणू शकेलच असं नाही.

३. कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. ऑक्टोबरमध्ये गवत कमरेएवढं असतं आणि वाट पायाला कळते, डोळ्याला नाही. पण सोनकी फुललेली असते, त्यामुळे मी स्वतः ऑक्टोबरला नाही म्हणू शकत नाही. डिसेंबर-जानेवारीत पठारावर थंडी हाडात शिरते. मार्चनंतर पाण्याचा प्रश्न (पाहा ७).

पावसाळ्यात ही रेंज करू नका. घाटघर-रतनवाडीला लोक नगरची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. ओढे अर्ध्या तासात चढतात, कुमशेत आणि पाचनईच्या मधल्या खोऱ्यातलं पाणी ओलांडता येत नाही, आणि धुक्यात कात्राबाईच्या रानात दहा पावलांपुढचा माणूस दिसत नाही. पावसात जायचंच असेल तर पाचनईहून हरिश्चंद्रगड करून त्याच वाटेने परत या.

४. एकूण किती दिवस? रोज किती चालायचं?

तीन रात्री, चार दिवस. अडीच दिवसांत "मारणारे" आहेत. त्यांच्या फोटोंत सगळीकडे बॅटरीचा उजेड दिसतो.

पहिला दिवस: रतनवाडीत अमृतेश्वराचं मंदिर निवांत बघा. दुपारपर्यंत गड चढा, सॅकसह तीन ते साडेतीन तास. शेवटी लोखंडी शिड्या आहेत, त्यावर गणेश दरवाजा. मुक्काम गुहेत. संध्याकाळी नेढ्यात (माथ्याच्या कातळातलं आरपार भोक) जा, पण सॅक खाली ठेवून. तिथला वारा माणसाला ढकलतो, सॅकवाल्याला जास्त.

दुसरा दिवस सगळ्यांत लांब. शिड्या उतरून रतनवाडीच्या वाटेवरच्या फाट्यावर यायचं आणि तिथून कात्राबाईच्या खिंडीकडे वळायचं. दाट जंगल, मग खडी चढण, मग खिंड. अग्निबाण सुळका इथे इतका जवळ येतो की मान दुखते. पलीकडे उतरून कुमशेत. सात-आठ तास धरा. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य जातो, म्हणून गड सातच्या आत सोडा.

तिसरा दिवस: कुमशेत ते पाचनई चार-पाच तास, जेवण, आणि पाचनईहून गडावर दोन-अडीच तास.

चौथा दिवस: सकाळी कोकणकडा, तारामती शिखर, हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, केदारेश्वराची गुहा, मग उतरणं (पाहा ५).

५. हरिश्चंद्रगडावरून उतरायचं कुठून? पाचनई, खिरेश्वर की नळीची वाट?

थकला असाल तर पाचनई. कातळकड्याच्या पोटातून जाणारी सावलीची वाट आहे आणि चुकायला वाव कमी.

पुण्याकडे किंवा कल्याणकडे जायचं असेल तर खिरेश्वर सोयीचं. मंदिरापासून पठारावरच्या टेकड्या ओलांडायच्या, कातळटप्पा उतरून टोलार खिंडीत यायचं, तिथून जंगलातून गाव. टप्प्यावर रेलिंग आहे. तरी पाठीवर सॅक असताना तोंड कातळाकडे करून उतरा, लाज कसली. खिंडीत वाघाचं शिल्प आहे, ते बघायला थांबा आणि तेवढ्यात गुडघ्यांनाही विश्रांती द्या. लोक हरवतात ते खिंडीत नाही, तर मंदिर आणि कातळटप्पा यांच्यामधल्या टेकड्यांवर. सगळ्या सारख्या दिसतात, आणि धुकं असेल तर माणूस गोल फिरून तिथेच येतो. धुकं उतरलं असेल तर मंदिराशीच थांबा, नाहीतर पाचनई धरा.

नळीची वाट बेलपाड्याहून कोकणकड्याच्या बाजूने वर येणारी दगडगोट्यांची नाळ, म्हणजे अरुंद घळ आहे. ती दोर, हेल्मेट आणि जाणकार माणसं घेऊन करायची. चार दिवसांच्या ओझ्यासह उतरायची वाट नव्हे. हा प्रश्न मला वर्षातून वीस वेळा येतो आणि उत्तर बदलत नाही.

६. फोनमध्ये ट्रॅक डाउनलोड केलाय. तरी वाटाड्या घ्यावा का?

पहिल्यांदा जात असाल तर घ्याच, निदान दुसऱ्या दिवसापुरता.

आमचं सांगतो. आम्ही चौघं, सगळे पाच-सहा वर्षं डोंगरात फिरणारे, फोनवर नकाशा. कात्राबाईच्या जंगलात एक वाट डावीकडे सुटली. ती आमच्या वाटेपेक्षा रुंद होती, मळलेली होती, वर ताजं शेण. आम्हाला वाटलं, गाव जवळ आलं. तासभर उतरल्यावर वाट एका ओढ्याशी आली आणि थांबली. म्हशींची दुपारी बसायची जागा होती ती. पुढे कारवीच्या झुडपांची भिंत. फोनवरचा निळा ठिपका आम्हाला रेघेवरच दाखवत होता, कारण दरीत त्याला आभाळच नीट दिसत नव्हतं. साडेपाच वाजले होते. शेवटी गुरं वळायला आलेला एक पोरगा भेटला. त्याने आमच्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, फक्त म्हणाला, "ही ढोरांची वाट हाय." आणि पुढे चालू लागला. अंधार पडता पडता त्याने आम्हाला पायवाटेवर आणून सोडलं.

ढोरवाट आणि पाऊलवाट यांतला फरक असा: ढोरवाट पाण्याकडे जाते, फाटत जाते आणि खाली वाकलेल्या फांद्यांखालून जाते. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीच्या फांद्या मोडलेल्या असतात. कळतं हे, पण चुकल्यावर.

वाटाड्या रतनवाडीत किंवा कुमशेतमध्ये आदल्या संध्याकाळी ठरवा. पैसे आधी बोला, त्याचं जेवण आपल्यात धरा, आणि त्याला परत जायला लागणारा अर्धा दिवसही मोजा. घासाघीस करताना एकदा तो परतीचा रस्ता डोळ्यांपुढे आणा.

७. पाणी कुठे मिळतं? किती न्यावं?

रतनगडावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. रतनगड ते कुमशेत या टप्प्यात जानेवारीनंतर कशाच्याही भरवशावर राहू नका. माणशी किमान तीन लिटर, फेब्रुवारीत चार. कुमशेत, पाचनईत गावाचं पाणी मिळतं. हरिश्चंद्रगडावर गुहांजवळच्या टाक्यांचं पाणी लोक वापरतात. मंदिरासमोरची पुष्करणी आणि केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी पिण्यासाठी नाही.

टाक्यातलं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळा, नाहीतर क्लोरिनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. गाळणं म्हणून पंचा चालतो, पण पंचाने जंतू अडत नाहीत.

एक विनंती. मार्च-एप्रिलमध्ये गावच्या विहिरीवर बायका हंडे घेऊन रांगेत असतात. तिथे सहा जणांनी दोन-दोन बाटल्या भरायला पुढे घुसू नये. विचारा, कुणीतरी आपल्याच हंड्यातून ओतून देतं.

८. सॅकचं वजन किती असावं? काय टाळता येईल?

दहा किलोच्या आत, पाण्यासकट बारा-तेरा. शिड्यांवर आणि कातळटप्प्यावर दर किलो जाणवतो. सॅकच्या बाहेर लोंबणारी कॅरीमॅट, पातेली, कॅमेऱ्याचे पट्टे सगळं आत किंवा घट्ट बांधलेलं. कारवीत अडकतं ते हेच.

कुमशेत आणि पाचनईत घरगुती जेवण सांगता येतं, त्यामुळे दोन वेळचा शिधा कमी करा. आदल्या दिवशी फोन लागला तर उत्तम, नाहीतर पोचल्यावर सांगून तासभर थांबायची तयारी ठेवा. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा. तुमच्या पाकिटातल्या नूडल्सपेक्षा कधीही बरं, आणि पैसे गावात राहतात.

न्यायचंच ते: हेडटॉर्च आणि जादा सेल, पूर्ण बाह्यांचा शर्ट, ओआरएस, शिट्टी, चिकटपट्टी (बुटाचा तळ सुटला की कळेल का ते), दोन माणसांत एक वीस मीटर दोरी.

९. कोकणकड्यावर तंबू लावता येतो का?

मुक्कामाला कुठे परवानगी आहे हे नाक्यावर विचारा आणि तिथेच राहा (पाहा २). परवानगी असली तरी मी स्वतः कड्यापासून लांब, मंदिराच्या बाजूला झोपतो. दरीतला वारा कड्याला आपटून सरळ वर येतो. हलकी वस्तू खाली टाकली तर परत फेकली जाते, हा खेळ सगळ्यांना माहीत आहे. तोच वारा रात्री दोन वाजता तंबूखाली शिरतो. आणि रात्री लघवीला उठलेला, झोपेतला माणूस कोणत्या दिशेला चार पावलं टाकेल याची खात्री नाही.

दिवसाही कड्याच्या काठावर उभं राहू नका. पालथं झोपून डोकं पुढे काढा, पाय धरायला मागे कुणीतरी असू द्या. खालचा कातळ आत वळलेला आहे. तुम्ही ज्यावर झोपलाय त्याच्याखाली काही नाही, ते झोपल्यावरच दिसतं.

१०. शेकोटी? निदान चूल?

शेकोटी नको. अभयारण्याला धोका होईल अशी आग लावणं किंवा जळती सोडणं हा कायद्याने गुन्हा आहे. आणि डिसेंबरनंतर सगळं पठार वाळक्या गवताचं असतं. छोटा गॅस चालवायचा असेल तर उघड्या कातळावर, वाऱ्याच्या आडोशाला, बाजूला पाण्याची बाटली. गवतावर नाही.

"सुकलेलीच लाकडं तोडतो, जिवंत झाड नाही," असं कुणी म्हणालं की मी विचारतो, तुम्ही शंभर जण एका शनिवारी आलात तर सुकलेली किती उरतील?

११. बिबट्या दिसेल का? साप?

बिबट्या आहे. त्याला तुम्ही दिसाल, तुम्हाला तो बहुधा नाही. संध्याकाळनंतर एकट्याने पाण्यावर जाऊ नका, एवढं पुरे. शेकरू दिसायची शक्यता जास्त. डोक्यावर फांद्या हलल्या आणि फळांची टरफलं पडली की थांबून वर बघा.

साप जास्त गंभीरपणे घ्या. फुरसं दगडाखाली, घोणस गवतात, चापडा हिरव्या फांदीवर हाताच्याच उंचीला. न बघता खाचेत हात घालू नका, सकाळी बूट झटकून घाला. दंश झालाच तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. अंगठी-कडं काढा, तो अवयव फळकुटाने बांधल्यासारखा स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, उचलून रस्त्यावर आणा आणि सरकारी रुग्णालय गाठा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. चापड्यावर नाही, तरी रुग्णालय टाळू नका.

१२. मधमाश्यांबद्दल एवढं का लिहिता सगळे?

कारण बिबट्यापेक्षा त्या जास्त माणसांना घायाळ करतात. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर-डिओ नको, धूर नको, दगड मारणं नको, मोहोळाखाली आरडाओरडा नको. अंगावर आल्याच तर हात हलवत उभे राहू नका. तोंड-नाक झाकून झाडीत पळा, पण कड्याकडे नाही. डंख नखाने खरवडून काढा. ज्याला ॲलर्जी आहे त्याने औषध स्वतःच्या खिशात ठेवावं, सोबत्याच्या सॅकमध्ये नाही.

१३. मुलींचा गट आहे. शौचाची सोय काय?

गावात घरी विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही. वाटेवर सोय नाही. पाण्यापासून आणि वाटेपासून किमान साठ-सत्तर पावलं लांब, वीतभर खड्डा, वर माती. खुरपं आणा. वापरलेले पॅड आणि ओले टिश्यू पुरू नका, रानडुकरं उकरतात. दोन पिशव्यांत बंद करून परत न्या. हे पुरुषांनाही लागू आहे. गुहेमागची अवस्था बायकांनी केलेली नसते.

१४. इंद्रवज्र दिसावं म्हणून कधी जावं?

पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, सकाळी. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे. सूर्य पाठीमागे आणि समोर दरीत धुकं, असं जमलं की धुक्यावर तुमची सावली पडते आणि डोक्याभोवती गोल रंगीत कडं. कर्नल साइक्सने १८३५ साली इथून पाहिलं, असं सांगतात. गंमत म्हणजे शेजारच्याच्या डोक्याभोवतीचं कडं तुम्हाला दिसत नाही, ज्याचं त्याला. मी चौदा वेळा गेलोय, दोनदा दिसलं.

१५. याच ट्रेकला सांदण दरी जोडता येईल?

येईल. साम्रदहून रतनगडाच्या त्र्यंबक दरवाज्याकडे वाट चढते. आदला दिवस सांदणला, रात्र साम्रदला, दुसऱ्या सकाळी गड. म्हणजे एक दिवस वाढला. पावसाळ्यात आणि अवकाळीचं आभाळ असताना दरीत उतरू नका. दोन्ही भिंती सरळ आहेत आणि लोंढा आला तर चढायला जागा नाही.

१६. काजवे बघायला मेअखेर येतोय. रेंजही करू का?

नको. उकाडा आणि पाणी (पाहा ७) दोन्ही विरुद्ध. काजवे भंडारदरा-घाटघर रस्त्याच्या बाजूलाच, हिरडा-बेहडा-जांभळीच्या झाडांवर दिसतात. गाडीचे दिवे बंद, बॅटरी बंद, फ्लॅश बंद, झाडाखाली पाय नको: माद्या गवतात असतात.

१७. कुत्रा सोबत आणू का?

घरचा कुत्रा आणू नका. त्याचे रोग रानातल्या प्राण्यांना लागतात आणि बिबट्याला कुत्रा आवडतो. गावातला कुत्रा आपणहून मागे लागतो तेव्हा त्याला बिस्किटं घालू नका; दोन दिवसांच्या अंतरावर तो परत कसा जाणार?

१८. ड्रोन? 

परवानगी नसेल तर नाही.

१९. गाडी रतनवाडीत ठेवली आणि उतरलो खिरेश्वरला. मग?

मग सबंध दिवस जातो. खिरेश्वर पुणे जिल्ह्यात, माळशेज रस्त्यावरच्या खुबी फाट्याजवळ. रतनवाडी डोंगराच्या पार दुसऱ्या अंगाला. म्हणून गाडी आणूच नका. मुंबईहून कसारा लोकल, पुढे जीपने घोटीमार्गे शेंडी (भंडारदरा), तिथून रस्त्याने किंवा लाँचने रतनवाडी. परतताना खुबी फाट्यावर कल्याण किंवा आळेफाट्याची एसटी. गाडी आणलीच असेल तर पाचनईला उतरा आणि राजूरमार्गे जीप ठरवून फिरा.

२०. मध्येच कुणाचा पाय मुरगळला तर बाहेर कसं पडायचं?

दुसऱ्या दिवशी खिंडीच्या अलीकडे असाल तर मागे रतनवाडीला, पलीकडे असाल तर पुढे कुमशेतला. कुमशेतपासून राजूरकडे गाडीरस्ता आहे, पाचनईलाही आहे. त्या दोन्ही ठिकाणी ट्रेक सोडून देता येतो, म्हणून रेटून पुढे जाऊ नका. खरी अडचण रतनगड ते कुमशेत या टप्प्यात आहे: मोबाइलची रेंज येत-जात राहते, गाडी नाही. दोघांनी जखमीजवळ थांबायचं, दोघांनी गावात जायचं, हे चौघांचं गणित तिथूनच आलंय. रेंज मिळाली की ११२ या आपत्कालीन नंबरला फोन. महाराष्ट्रातले गिर्यारोहक महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरमार्फतही मदतीला येतात. पण ते पोचेपर्यंत सगळ्यात आधी झोळी घेऊन येतात ती कुमशेतची माणसं. फोनवर जागा सांगताना "जंगलात" म्हणू नका. शेवटचा ओढा कोणता ओलांडला, सुळका कोणत्या हाताला आहे, आणि वाट सोडून किती वेळ झाला, हे सांगा.